‘भडक’ची दुसरी कॅसेट

मोहनभाऊ गेला, हे मला शाळेच्या ऑफिसातल्या फोनवर कळलं. पलीकडून बबन बोलत होता, आमच्या बँडचा ड्रमर. “सुमन, भाऊ गया,” एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. हार्टअॅटॅक. मी फोन ठेवला, वर्गात गेले आणि उरलेला धडा शिकवून पूर्ण केला. डोळ्यांत पाणी आलं नाही. माणूस गेल्यावर त्याच्यावरचा राग कुठे ठेवायचा, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं… आता काही आठवडे उलटले, तरी मला ते जमलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मोहनभाऊ धुळ्याचा. वडिलांचं कटलरीचं दुकान होतं, म्हणजे बांगड्या, रिबिनी, काजळ, लिपस्टिक. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या मावसभावानं एकदा परदेशातून एक कॅसेट आणली. कव्हरवर ओठ रंगवलेले, बायकांचे झगे घातलेले पुरुष आणि आत नुसता धिंगाणा. “यांना धड गाता येत नाही, वाजवता येत नाही आणि लाजही वाटत नाही,” मोहनभाऊ खुशीत येऊन सांगायचा, “मला हेच करायचंय.” आणि त्यानं ते केलं. वरातीच्या बँडवाल्यांचे जुने जरीचे कोट घेतले, दुकानातलं काजळ-लिपस्टिक घेतलं, एक इलेक्ट्रिक गिटार कुठून तरी पैदा केली आणि बँडचं नाव ठेवलं ‘भडक’. गाणी अहिराणीत. धुळ्यातली पोरं आधी “नाच्या, नाच्या” म्हणून ओरडली, मग त्याच गाण्यांवर बेभान नाचली.

मी जळगावच्या कॉलेजात होते. आवाज घोगरा, म्हणून गाण्याच्या बाईंनी मला क्लासमधून परत पाठवलं होतं. गॅदरिंगला मोहनभाऊनं तोच आवाज ऐकला आणि पुढच्या रविवारी तो सरळ आमच्या पिंप्राळ्याच्या घरी हजर. माझे वडील, आबा, डाळमिलमध्ये कामाला होते. मोहनभाऊ तोंड धुऊन आला होता बिचारा, पण डोळ्यांच्या कडेला काळी रेघ राहिली होती. आबांना ती लगेच दिसली.

“हे काय लावलंय डोळ्यांत?”

“काजळ, आबा.”

“कशाला?”

“लोकांनी बघावं म्हणून.”

आबा हसले. खोटं बोलणारा असता तर डोळ्यांचं आजारपण सांगितलं असतं, असं त्यांना वाटलं असावं. “पोरीला सांभाळशील?” त्यांनी विचारलं. “कॅसेट निघेल तेव्हा तिचं नाव माझ्या आधी छापीन,” तो म्हणाला.

आमची पहिली कॅसेट धुळ्याला एका जिनिंगच्या गोदामात झाली. चारी बाजूंनी कापसाच्या गाठी रचलेल्या, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नव्हता. सगळ्यांच्या केसांत कापूस, मोहनभाऊच्या लिपस्टिकलाही कापूस. त्या कॅसेटवर खरोखरच माझं नाव पहिलं होतं. मग गावोगाव कार्यक्रम सुरू झाले. पिंपळनेरला गर्दीतून कुणीतरी मला उद्देशून घाणेरडं बोललं. मी गायची थांबले. मोहनभाऊनं गिटार बंद केली, माइक ओढला आणि म्हणाला, “हाई मन्ही बहीण शे. कोन बोलना? वर ये, नि हिन्यासारखं गाई दखाड.” कुणी वर आलं नाही. पण नंतरचं गाणं बठ्ठा गाव, अख्खा गाव माझ्याबरोबर म्हणत होता. त्या दिवशी मी त्याला मनातून सख्खा भाऊ मानलं. हे सांगते आहे, कारण हे खरं आहे… आणि कारण पुढचंही खरं आहे.

दुसऱ्या कॅसेटसाठी पुण्याची एक कंपनी तयार झाली. खराखुरा स्टुडिओ, काचेची खोली, कानांना हेडफोन. त्या कॅसेटचं मुख्य गाणं माझं होतं, शब्द माझे, चालही माझीच. ‘मी घर नही जास.’ घरी जायला नकार देणाऱ्या मुलीचं गाणं. मोहनभाऊ म्हणाला, कंपनीला ऐकवायला सगळी गाणी एका टेपवर गाऊन दे. मी दिली. ते मुख्य गाणं गाताना दुसऱ्या कडव्यात मला माझ्याच धिटाईचं हसू फुटलं, नाकातून आलं ते. “राहू दे,” तो म्हणाला, “हे तर सोनं आहे.” मग महिन्यामागून महिने निरोप येत राहिले, स्टुडिओ मिळत नाही, तारीख पुढे गेली, तू अभ्यास कर.

एका सकाळी कॉलेजला निघाले आणि रिक्षात बसले. टेपवर ‘मी घर नही जास’ चालू होतं. आवाज गोड, स्वच्छ, कुणा दुसऱ्याच बाईचा. मला वाटलं, कुणीतरी आमचं गाणं चोरलं. मग दुसरं कडवं आलं आणि ती बाई हसली. त्याच जागी, तेवढंच, तसंच नाकातून. तिला माझं हसू शिकवलं होतं.

“कोणाची कॅसेट आहे हो ही?”

“नवी शे ना ताई,” रिक्षावाला म्हणाला, “‘भडक’नी.”

मी कॉलेजला गेले नाही. कॅसेट विकत घेऊन घरी आले. कव्हरवर मोहनभाऊचा मोठा फोटो. गीत मोहन, संगीत मोहन, खाली त्या पुण्याच्या गायिकेचं नाव. आबांनी चष्मा लावला, कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं, आतला कागदही उलगडला. “बारीक अक्षरात असेल,” म्हणाले. पुन्हा पाहिलं. मला ते बघवेना. मी त्यांच्या हातातून कॅसेट काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेले. तो दुकानात बायकांना बांगड्या दाखवत होता. माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाला, “मी काय करू? त्यासले तुना आवाज गावठी वाटना.”

“आणि शब्द? तेही गावठी होते ना? ते कसे चालले?”

तो बांगड्या परत डब्यात लावू लागला.

“मला सांगितलं का नाहीस, भाऊ?”

“सांगणार होतो…” तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तो त्याच्याकडे वळला. मी पायरीवर थोडी थांबले. वाटलं, हाक मारेल. नाही मारली.

कॅसेट लग्नसराईत खूप वाजली. बबननं त्याच वर्षी बँड सोडला. मी मराठीची शिक्षिका झाले. शाळेत प्रार्थना म्हणायची पाळी आली की घसा बसलाय म्हणून सांगायचे. माझ्या लग्नात मोहनभाऊ आला, जेवला, आबांच्या पाया पडला. त्या विषयावर एक अक्षर नाही. नंतर त्यानं ऑर्केस्ट्रा काढला. त्याच्या जाहिरातींत ते गाणं कायम असायचं.

दहाव्यानंतर मी भेटायला गेले ती आबांच्या आग्रहाखातर. त्याच्या बायकोला, शैलावहिनींना मी माझ्या लग्नातच काय ते पाहिलं होतं. त्यांनी मला त्याच्या खोलीत बसवलं आणि आलेल्या बायकांना ओळख करून दिली, “या सुमनताई. ह्यांच्या बँडचे कपडे शिवायच्या.”

मला आधी कळलंच नाही, त्या कुणाबद्दल बोलताहेत. वहिनी लबाड नाहीत. त्यांना जे सांगितलं गेलं, तेच त्या सांगत होत्या. इतकी वर्षं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला…

बायका गेल्यावर मी म्हणाले, “वहिनी, मी कपडे शिवत नव्हते. मी गायचे. ‘मी घर नही जास’ माझं आहे.” बोलता बोलता माझा आवाज फाटला.

“मग हे असं का म्हणाले?” वहिनींनी विचारलं. ज्याच्याकडे उत्तर होतं, तो फोटोत हसत होता.

त्या उठून आत गेल्या. आल्या तेव्हा हातात पितळी पेला होता. गरम पाणी, त्यात ज्येष्ठमध. मोहनभाऊ रोज दुपारी हे घ्यायचा, गळा नीट राहावा म्हणून. तो गेल्यावरही त्यांच्याकडून पाणी ठेवलं जातंच. रोज उकळतात, रोज ओतून टाकतात. खिडकीपाशी छोट्या स्टुलावर पेल्याची एक गोल खूण पडलेली होती. वहिनींनी पेला त्या खुणेवर ठेवला नाही, माझ्या हातात दिला.

“घ्या,” म्हणाल्या. “घशाला बरं असतं.”