उधाणात चुकलेली कोर्टाची तारीख

मित्रांनो, आज सकाळी पावणेअकराला मी वसई कोर्टाच्या फाटकाबाहेर उभा होतो आणि आत जायचं धाडस होत नव्हतं.

गेल्या वर्षी आमच्या अर्नाळ्यात एक रिक्षा उलटली, त्या केसमध्ये मी साक्षीदार आहे. साक्षीची तारीख नेमकी अमावास्येच्या उधाणात आली. उधाणात जाळ्यात मासळी भरपूर येते, म्हणून बाबांनी मला बोटीवर नेलं. काल कोर्टाच्या ॲपवर केस बघितली, तर माझ्यावर वॉरंट निघालेलं!

बाबा म्हणाले, "जाऊ नको. आपल्या पायानं गेलास तर आतच ठेवतील."

तरी गेलो. नाव पुकारल्यावर वॉरंट रद्द करा म्हणून लिहिलेला अर्ज पुढे केला. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "मागच्या तारखेला कुठे होतात?"

"समुद्रात, मॅडम. उधाण होतं."

मागे कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "मग उधाण कधी नसतं?"

"अष्टमीच्या आसपास. तेव्हा आमच्या बोटी किनाऱ्याला असतात."

त्यांनी कॅलेंडर बघून अष्टमीचीच तारीख दिली आणि वॉरंट रद्द केलं. "आता चुकलात तर ऐकून घेणार नाही."

बाहेर येऊन बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अष्टमीला ना? मंग मी पन येतो. तिथी बघनारी जज कोन, ती बघूया तरी."

तुमच्या घरी कोणी असंच वॉरंटला घाबरून बसलं असेल, तर त्यांना माझा हा अनुभव सांगाल का?