पडद्याच्या कापडाचा फ्रॉक

सोनू नाही! वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये आत्ता बसवली होती, चहा गाळून येते तोवर माझी पोरगी गायब, आणि दार सताड उघडं. ओरडत हॉलमधून आत-बाहेर धावले. तशीच चार मजले खाली पळाले, पायात चप्पल नाही, पार आमच्या करामा भागातल्या मोठ्या रस्त्यापर्यंत. वॉचमन म्हणाला, "बच्ची इधर से नहीं गया." हे अबुधाबीला कामाला, गुरुवारी येणार, त्यांना काय तोंड दाखवू?

आणि हे सगळं काकूंमुळे. अशी बाई अख्ख्या दुबईत दुसरी नव्हती, शपथेवर सांगते. काकांचं पडद्यांचं दुकान. एकदा कॅसेटवाल्यानं हिंदी पिक्चरऐवजी चुकून जुना फ्रेंच पिक्चर दिला. काकूंना एक अक्षर कळलं नाही, पण तीनदा बघितला आणि तिन्हीदा रडल्या. त्यात कोणी साधं बोलतच नाही, गॅरेजवालासुद्धा गातो. आणि भिंतीवर जी फुलं, तीच त्यातल्या मुलीच्या फ्रॉकवर. मलापण दाखवला. मी आठवी नापास, मला काय कळतंय, पण भिंती अशा गुलाबी, हिरव्या, मिठाईच्या दुकानासारख्या, बघतच राहिले. तेव्हापासून काकू सगळं गाऊन बोलायच्या. ग्रोसरीवाल्याला फोनवर "दूऽऽध, दहीऽऽ" गायच्या, तो बिचारा घाबरून दोनदा सामान पाठवायचा. पिक्चरच्या शेवटी ती मुलगी आणि तो गॅरेजवाला पेट्रोल पंपावर भेटतात, बर्फ पडत असतो, म्हणून काकांनी गाडी पंपावर घातली की काकूंच्या डोळ्यांत पाणी. काका म्हणायचे, "अगं, बाहेर सत्तेचाळीस डिग्री आहे, बर्फ कुठून आणू? यल्ला, चल, डोळे पूस." घरात पडदे, सोफा, उशा, काकूंचा गाऊन, सगळं एकाच गुलाबी फुलांच्या कापडाचं. उरलेल्याचा सोनूला फ्रॉक शिवला. "तुझी लेक पिक्चरमधली दिसते गं!"

तर मी धापा टाकत, रडत वर आले आणि काकू हॉलच्या मधोमध उभ्या राहून गायला लागल्या. मी ओरडले, "काकू, आत्ता तरी नीट बोला हो!" ऐकतायत कुठे! "सोऽऽनू, कुठं गं तूऽऽ?" आणि पडद्यातून, त्याच सुरात, "आय ॲम हिऽऽअर!"

समोरच होती. तोच फ्रॉक घालून, पडद्याला टेकून, फुलांत फूल. माझ्या ओरडण्याला घाबरून गप्प उभी राहिलेली. मी तीनदा तिच्यासमोरून पळाले होते.

मी फ्रॉक तिथेच ओढून काढला, काकूंच्या हातात कोंबला. म्हणलं, "पिक्चर तुमचा तुमच्यापाशी ठेवा, माझ्या पोरीला हात लावू नका." काकू म्हणाल्या, "बरं." साधं. न गाता.

चार दिवस जिना मुका. पाचव्या दिवशी वर गेले, माफी मागायची तर तोंडातून शब्दच फुटेना. मग बंद दारासमोर, समोरची फिलिपिनो बाई डोकावून बघतेय, तरी बेसूर गायले, "काऽऽकू, चुकलं माझंऽऽ." मग आतून आवाज आला, "सूऽऽर वरचा लावऽऽ," आणि कडी वाजली.

दोन वर्षांनी काका-काकू कायमचे पुण्याला निघाले. विमानतळावर सोडायला जाताना हे पेट्रोल भरायला थांबले. काकू पुढे बसून पंपाकडे बघत होत्या. बर्फ नव्हता, नुसती धूळ. ह्या खेपेला रडले मी.

तो फ्रॉक त्यांनी जाताना परत दिला, अजून माझ्या कपाटात आहे. त्यांचं ते "बरं" मात्र अजून कानात आहे. पण खरं सांगा, पोर डोळ्यांसमोर असून दिसली नसती, तर तुम्ही काय केलं असतं?