पालीच्या गल्लीत मी क्रेन बोलावली

उत्तनजवळच्या पाली गावातल्या लोकांना हे सांगायची गरजच नाही, त्यांनी सगळं रविवारी सकाळी उभं राहून बघितलंय. पण तुम्हाला कधीतरी कुणीतरी मीठमसाला लावून सांगेलच. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या आधी.

तर माझी एक सेकंडहँड गाडी आहे. छोटीशी, पण टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. आधीच्या मालकाने ही ताकद जरा अतीच वाढवून ठेवली होती. घोडबंदरच्या चढावर एका पिस्टनने मान टाकली. निळा धूर, गाडी बंद, मी घामाघूम.

माझी बायको मानसी उत्तनकडच्या एका शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा म्हणजे पालीचे बेंजामिन अंकल. जन्मभर मच्छीमार बोटींची इंजिनं उघडली, आता घरासमोरच्या शेडमध्ये निवडक गाड्या घेतात. निवडक म्हणजे काय, तर मनात आलं तर! मानसीने शब्द टाकला म्हणून माझी घेतली.

"तिथे शहाणपणा करू नकोस," मानसी म्हणाली. "शब्द माझा आहे."

मी आणि शहाणपणा? छे!

फक्त पार्ट मी निवडणार होतो. इंजिन उघडलंच आहे तर कंपनीचेच पार्ट परत का टाकायचे? आणि तिथून माझी झोप उडाली. पिस्टन कुठले? रॉड कुठले? गॅस्केट किती जाडीचं? पिस्टनभोवती क्लिअरन्स, म्हणजे फट, किती? एक व्हिडिओवाला म्हणतो हे घ्या, दुसरा म्हणतो हे घेतलंत तर इंजिन गेलंच समजा. ऑफिसात पॉलिसीचे कागद बघताना मला पिस्टन दिसायचे. मानसीने भाजीत मीठ कमी आहे का विचारलं, तर मी म्हणालो, "क्लिअरन्स किती ठेवलाय?"

अंकलचं मत अगदी साधं. "कंपनीचे पिस्टन टाक. तू इंद्रलोकच्या तुज्या घरनं हापिसात जानार. तिथं काय रेस हाय?"

"पण अंकल, टर्बो तरी मोठा लावू या."

"मोठा टर्बो उशिरा जागा होतो. तो जागा होईस्तवर तुजा सिग्नल येल."

टर्बोवर मी हरलो, पण पिस्टन आणि रॉड मात्र फोर्ज्ड मागवले. म्हणजे प्रचंड दाबाखाली घडवलेले, रेसवाले वापरतात ते. पार्सल आलं तेव्हा अंकलनी एक पिस्टन हातात घेऊन फिरवला. "माल चांगला हाय. पन आयक, हे पिस्टन थंड असतान ना..."

"अंकल, मी सगळं वाचलंय!"

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि कामाला लागले.

तीन आठवड्यांनी, रविवारी, मी आणि मानसी पालीत हजर. शेडसमोर गल्लीत गाडी उभी, धुतलेली, चकचकीत. "इंजिनात तेल फिरवून ठेवलंय," अंकल म्हणाले. "पयली किल्ली तू मार."

मारली. इंजिन लगेच सुरू झालं. आणि आतून आवाज आला, खट खट खट खट!

मी झटकन बंद केलं.

"बंद कशाला केलास? चालू ठेव," अंकल म्हणाले. "गरम होऊंदे."

"गरम? अंकल, रॉड वाजतोय! गरम केलं तर ब्लॉक फोडून बाहेर येईल!"

"आयक तर..."

काय ऐकणार! पुन्हा किल्ली मारली. खट खट. बंद. तिसऱ्यांदा मारली, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला, बंद. आणि तो टर्बोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. मित्रांनो, घाबरलेल्या माणसाने कधी ग्रुपवर काही विचारू नये! दोन मिनिटांत निदानं सुरू. एक म्हणाला बेअरिंग गेलं. दुसरा म्हणाला ऑइल पंप. तिसऱ्याने नुसते हात जोडलेले पाठवले. चौथा म्हणाला, "आत्ताच्या आत्ता क्रेन बोलवा, किल्लीला हात लावू नका."

मी क्रेन बोलावली.

"निदान त्यांचं ऐकून तरी घे," मानसी हळू आवाजात म्हणाली. अंकल शेडमधल्या उलट्या क्रेटवर जाऊन बसले आणि हात पुसत राहिले. हात स्वच्छ होते, तरी पुसत होते. ते बघून मला कसंतरीच झालं, पण डोक्यात खटखट चालूच होती ना!

क्रेनवाल्याचा फोन आला. "भाई, गली छोटी है."

"आ जाएगा, आओ!"

तो आला. आला म्हणजे अर्धा आला. पालीची गल्ली तुम्ही बघितलीय का? समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीला कुणाच्या तरी पायरीवर चढावं लागतं. क्रेन एका घराच्या ओट्यापाशी अडकली. मागून बर्फाचा टेम्पो येऊन टेकला, टेम्पोमागे स्कूटरींची रांग. पुढे माझी गाडी. मागे जाता येईना, पुढे येता येईना. हॉर्न सुरू झाले, घराघरांतून लोक बाहेर आले.

फिलू मावशी कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. बर्फ त्यांचाच होता, मासळीसाठी मागवलेला. "कोनाची गाडी ही? माजा बरफ पानी झाला!"

"मावशी, पाच मिनिटं."

"पाच मिंटात काय, तुजी गाडी उडनार हाय?"

क्रेनवाला खिडकीतून ओरडला, "सेठ, गाडी आगे लो! मैदान में! तो मैं घुमाऊँगा!"

गल्ली पुढे किनाऱ्याजवळच्या मोकळ्या मैदानात निघते, मासळी सुकवतात तिथे. पण मधे चढ. ढकलून गाडी जाईना. म्हणजे इंजिन चालू करावं लागणार.

"नाही!" मी किल्ली मुठीत धरली. "नवीन इंजिन आहे, फुटेल!"

फिलू मावशींनी माझी मूठ सरळ उघडली, लहान पोराच्या हातातली गोळी काढून घ्यावी तशी, आणि किल्ली अंकलच्या हातात दिली. "बेंजा, ने रे तू."

अंकल गाडीत बसले. खट खट खट करत गाडी चढ चढून गेली. मी मागून डोक्याला हात लावून धावतोय. पण वाटेत लोकांनी मला थांबवलं, क्रेनचा आरसा कुणाच्या तरी पत्र्यात अडकला होता आणि "आनली कोनी? सोडव आता!" असा सगळ्यांचा आग्रह. आरसा सुटला, क्रेन पुढे सरकली, बर्फाचा टेम्पो गेला. या सगळ्यात चांगली दहा-बारा मिनिटं गेली.

धापा टाकत मैदानात पोचलो. गाडी उभी. अंकल बाहेर उभे. आणि शांतता. समुद्राचा आवाज फक्त.

"बंद पडली!" मी ओरडलो. बॉनेटवर दोन्ही हात टेकले. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. "संपलं सगळं! मी सांगत होतो!"

"अरे, चालू हाय ती," अंकल म्हणाले.

हाताखाली बॉनेट हलकेच थरथरत होतं. खटखट नाही की काही नाही.

"हे पिस्टन गरम झाले का फुगतात," अंकल पहिल्यांदाच न थांबता बोलले, कारण माझा श्वासच उरला नव्हता. "मंग थोडी जागा ठेवावी लागते. थंड असतान वाजतात. गरम झाले, गप. मी तेच सांगत व्हतो."

मानसीने शेडमधून पिस्टनच्या खोक्यातला कागद आणला होता. त्यावर हेच छापलं होतं, ठळक अक्षरांत. "हे वाचलं होतंस ना?" तिने विचारलं.

मी अंकलचे दोन्ही हात धरले, माफी मागितली. ते नुसतं म्हणाले, "जा, गाडी वळवून आन. हलू चालव."

हळूच चालवणार होतो हो! पण अर्धी पाली बघत होती. जरा ऐट दाखवावी म्हणून पाय थोडा दाबला गेला. चाकं गरगर फिरली, वाळू उडाली, आणि गाडी पोटापर्यंत रुतली. इंजिन मात्र काय सुरेख चाललं होतं!

क्रेनवाला तोवर मैदानात पोचलाच होता. त्याने निमूटपणे दोर लावला, मला बाहेर ओढलं आणि कागद काढला. "लिखना पडता है. क्या खराब है? इंजन?"

"इंजिन एकदम बेस्ट हाय," अंकल म्हणाले.

"फिर क्या लिखूँ?"

मानसी माझ्याकडे न बघता म्हणाली, "ड्राइवर."

त्याने तेच लिहिलं. खाली सही मी केली.