हिरो उगवतीकडून येतो

गळ्याइतक्या पाण्यात उभ्या माणसाला तलाव दिसत नाही. त्याला दिसतं नाकासमोरचं पाणी आणि हातातली जाळ्याची दोरी. म्हणून आमच्याकडे मोठं जाळं ओढताना एक माणूस तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा ठेवतात. मासा कुठं उसळला, जाळं कुठल्या खुंटाला अडकलं, कोण झोपेत असल्यासारखा ओढून राहिला, हे त्यानं वरून ओरडून सांगायचं. डावं-उजवं म्हणायचं नाही, कारण समोरासमोर ओढणाऱ्यांचं डावं-उजवं उलटं असतं. उगवती म्हणायचं, मावळती म्हणायचं. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही मास्तर दयाळू होते म्हणून. पण पाळीवरून सांगायला मला बाजूच्या गावचे मासे धरणारे ढिवर न्यायला येत. मी ओरडलो तर लाखनीच्या रोडवरचा ट्रकवाला ब्रेक लावतो, असं लोक म्हणत. लोक काहीही म्हणतात.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत बायकोला देवी आल्या. जीव राहिला, डोळे गेले. गावातल्या बाया भेटायला येऊन रडल्या, तर ती म्हणाली, "तोंडावर लय खड्डे पडले म्हणते. पडू दे. थे पाहाची पाळी आता ह्याइची हाय, मले काय!" आणि मला म्हणाली, "तुमी पाळीवर उभे राहून साऱ्या तलावाले सांगता ना? मंग मले बी सांगत जा."

तेव्हापासून मी सांगत गेलो. बाजाराला जाताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे चालायची आणि मी पुढून सांगायचो.

"उगवतीकडून बंडी येऊन राहिली."

"बैल कोणाचे?"

"सावकाराचे."

"हाकलणारा कोण? पिऊन हाय का?"

नुसतं 'बाई चालली' म्हटलेलं तिला चालत नसे. कोणती, लुगडं नवं की जुनं, रागात की खुशीत, सगळं पाहिजे. जाळं ओढणारे परवडले, ते निदान अधूनमधून श्वास घ्यायला थांबत.

मग ऐंशीच्या पुढं कधीतरी ग्रामपंचायतीत टीव्ही आला. लाकडी कपाटात ठेवलेला, कपाटाला दोन फळ्या, फळ्यांना कुलूप, आणि कुलपाची किल्ली शाळेच्या गुरुजींच्या जानव्याला. गुरुजी कुलूप उघडत ते देवघर उघडल्यासारखं. चित्र नागपूरहून यायचं आणि आमच्या गावापर्यंत येता येता दमून जायचं. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या छपरावर लांब बांबू, त्याच्या टोकाला अँटेना, आणि बांबू फिरवायला गावचा कोतवाल. वारा असला की त्यानं छपरावर बसून बांबू धरूनच ठेवायचा. तो वरून विचारायचा, "आलं का?" खालून आम्ही म्हणायचो, "नाई आलं, मुंग्याच हायेत."

पहिल्या रविवारी सिनेमा लागला. बायकोला मी मध्यभागी नेऊन बसवलं आणि सवयीप्रमाणे सुरू झालो.

"उगवतीकडून हिरो येऊन राहिला! पायात बूट! मावळतीच्या खोलीतून बाई निंगाली! अडकली, अडकली... दारात अडकली!"

पुढच्या ओळीतल्या दोन म्हाताऱ्या दचकून उठल्या. त्यांना वाटलं, खरंच कुणी आलं. पण बायको खुश. तिनं पहिला प्रश्न विचारला, "लुगडं कोणत्या रंगाचं?"

आता टीव्ही काळा-पांढरा. पण मी काय म्हणणार? म्हटलं, "हिरवं."

बाजूची एक बाई म्हणाली, "का गा, तुले हिरवं कुठं दिसलं? मले त करडं दिसते."

माझी बायको म्हणाली, "मंग डोळे दाखवून ये भंडाऱ्याले."

त्या दिवसापासून बायांमध्ये दर रविवारी रंगांवरून वाद. एक म्हणायची हिरवं, एक म्हणायची जांभळं, तिसरीच्या माहेरी असलंच लुगडं होतं म्हणून ते डाळिंबी. गाणं संपून जायचं, लुगडं ठरायचं नाही.

पावसाळ्यात ग्रामपंचायतीची एक भिंत गळायला लागली म्हणून टीव्हीचं कपाट उचलून समोरच्या भिंतीला लावलं. मी बसलो, सांगायला लागलो, "मावळतीकडून हिरो येऊन राहिला." बायको थांबवून म्हणाली, "मावळतीकडून काहून? थो त उगवतीकडूनच येते."

"आज मावळतीकडून आला."

"त्याचं घर उगवतीले होतं ना? सासुरवाडीले गेला होता का?"

मला समजेना. खालच्या मानेनं बसलो, वरच्या मानेनं पाहिलं, तरी हिरो मावळतीकडूनच. मग कोतवालच वरून ओरडला, "अरे बावा, टीव्ही फिरवला ना! टीव्हीचं तोंड फिरलं त त्याची उगवती फिरली!" बायकोनं हे मान्य केलं नाही. ती म्हणाली, "भिंत गळली म्हणून माणूस घर बदलवते का?" शेवटपर्यंत तिच्यासाठी हिरो उगवतीकडूनच येत राहिला. मलाच उलटं सांगायची सवय करावी लागली.

गुरुजींना हे सगळं सहन होत नव्हतं. त्यांचं म्हणणं, टीव्ही ही ज्ञानाची वस्तू आहे आणि तिथं शिस्त पाहिजे. एका रविवारी त्यांनी फळ्या अर्ध्या लावल्या आणि सांगितलं, "आजपासून टीव्हीसमोर कोणी बोलायचं नाही. तू तर मुळीच नाही."

"गुरुजी, तिले दिसत नाई."

"ऐकू येतं ना? मग झालं."

मी म्हटलं, कानात सांगतो. पण आयुष्य पाळीवर गेलेला माणूस कानात काय सांगणार! दोन वाक्यं झाली आणि ती म्हणाली, "कान ओला झाला. आन गुपित सांगून राहिल्यावानी काय बोलता, लोक पाहून राहिले असतीन." मी आवाज आणखी खाली आणला, तर ती म्हणाली ऐकूच येत नाही. जरा वर नेला, तर गुरुजींची मान वळली. माझ्या गळ्यात मधलं काही नव्हतंच.

मग मी गप्प बसलो. पडद्यावर भांडण झालं, ते तिला कळलं. मग बोलणं थांबलं आणि नुसतं वाद्य वाजायला लागलं. बराच वेळ. आणि एकदम सगळे हसले. पडद्यावर एक जाडा शेठजी खाटेवर बसायला गेला आणि खाट मोडली. म्हाताऱ्या हसल्या, गुरुजी हसले, मीही हसलो. बायको माझा हात हलवत होती, "काय झालं? काय झालं?" मी गुरुजींकडे पाहिलं आणि बोललो नाही. ती उठली. अंधारात लोकांचे पाय तुडवत दारापर्यंत गेली, तिला अंधाराचं काय!

घरी आल्यावर मी पूर्ण सिनेमा सांगितला. शेठजी, खाट, सगळं. मी स्वतः पालथा पडून दाखवलं. तिला दिसत नाही हे विसरून पडलो, ढोपर फुटलं. ती म्हणाली, "शिळा भात आणला तुमी. मले पिक्चर नाई पाहाचा. सगळे हासतात तेवाच मले हासाचं हाय. टीव्हीसमोर बसून बी भिंतच पाहाची, त घरची भिंत बरी."

आणि तिनं जाणं बंद केलं.

मी गुरुजींकडे गेलो. ते ओसरीत दाढी करत होते. मी म्हटलं, "गुरुजी, रविवारी दुपारी टीव्हीत एक बाई हातवारे करून बहिऱ्याइले बातम्या सांगते. मी पाहिलं. बहिऱ्याइची सोय झाली. तशी आमच्या घरी पाहिजे."

"ती दिल्लीची सरकारी सोय आहे. तू कोण?"

"मी तिचा नवरा."

"मग घरी सांग. सार्वजनिक जागेत नाही."

मी म्हटलं, "गुरुजी, अर्धी दाढी राहिली तुमची." ते म्हणाले, मला दिसते. मी म्हटलं, तुमाले दिसते म्हणूनच त सांगणारा लागत नाई. ते समजले की नाही देव जाणे. घरी येऊन बायकोला सांगितलं, नाही म्हणाले. ती जाळ्याचे फाटके डोळे बोटांनी चाचपून शिवत बसली. तिच्याइतकं नीट जाळं घरात कुणी शिवत नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या घरातला मागूर मासा गेला. घड्यात पाणी घालून, वर पाटा ठेवून जिवंत ठेवला होता. चांगला हातभर, बाजाराच्या दिवसासाठी. सकाळी पाहतो तर पाटा जागेवर, घडा जागेवर, मागूर नाही. मी म्हटलं मांजर. बायको म्हणाली, "मांजरच असन. लय शहाणं मांजर हाय." मी मांजराला काठी दाखवली, दिवसभर घरात येऊ दिलं नाही.

रविवारी संध्याकाळी वारा सुटला. आम्ही दोघं घरी. सिनेमा लागायच्या वेळेला शेजारचा माणूस पळत आला. "चाल गा लवकर. चित्र येऊन नाई राहिलं. कोतवाल वरून विचारते, आलं का, गुरुजी आतून सांगते, पण गुरुजीचा आवाज छपरावर पोचतच नाई. थो भलतीकडेच फिरवून राहिला."

मी म्हटलं, "गुरुजीलेच ओरडू दे."

बायको म्हणाली, "जा ना. लोकाइचा रविवार काहून बिघडवता? चला, मी बी येतो."

मला नवल वाटलं. पण खांद्यावर तिचा हात आला, आम्ही निघालो.

ग्रामपंचायतीत सगळा गाव मुंग्या पाहत बसला होता. मी दारात उभा राहिलो आणि पाळीवरचा आवाज काढला. "उगवतीकडे! अजून! अजून! लय झालं, मावळतीकडे जरासा! थांब!" चित्र आलं. स्वच्छ. हिरोच्या मिशा मोजाव्या इतकं.

गुरुजी म्हणाले, "झालं. आता खाली बस आणि गप्प राहा."

मी बसलो. आणि चित्र गेलं.

छपरावरून आवाज आला, "चूप काहून झाला थो?"

गुरुजी बाहेर गेले. "बांबू धर नीट!"

"नाई धरत. तुमी आत बसून पिक्चर पाहाता, मी वर वाऱ्यात बसून बांबू पाहू का? मले दिसते का काई? थो सांगन त धरतो."

"अरे, तू गावचा कोतवाल आहेस!"

"कोतवाल हाव, बैल नाई!"

आत लोक बोंबलायला लागले. "गुरुजी, सांगू द्या ना!" "पिक्चर चालला!" ज्या बाईला लुगडं करडं दिसायचं ती सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. गुरुजी परत आत आले, कपाटाच्या फळीला हात लावून उभे राहिले. फळ्या लावल्या असत्या तर त्यांचाही सिनेमा गेला असता, आणि त्यांना सिनेमा फार आवडायचा. शेवटी म्हणाले, "सांग बाबा. पण हळू."

"हळू सांगलं त कवेलूवर कसं जाईन, गुरुजी?"

ते खुर्चीवर बसले.

मग मी सांगितलं. दोन आठवड्यांचं तुंबलेलं सांगितलं. हिरो उगवतीकडून आला, बायकोच्या हिशेबानं. शेठजींसारखाच एक जाडा मामा शिडीवर चढला. जाळं ओढताना मासा उसळायच्या आधी पाणी जरा फुगतं, ते पाळीवरच्या माणसानं ओळखायचं असतं. शिडीची पायरी मला वाकलेली दिसली. मी ओरडलो, "मामा पडते आता! तिसरी पायरी कामातून गेली!"

आणि माझी बायको हसली. सगळ्यांच्या आधी. मामा अजून वरच होता. मग छपरावरून कोतवाल हसला, कवेलू खडखडले. मग मामा पडला आणि बाकीचा गाव हसला. गुरुजी मागे वळून तिच्याकडे पाहत राहिले. ती तोंडाला पदर लावून हलत होती आणि माझ्या गुडघ्यावर, त्याच फुटलेल्या ढोपरावर, थापा मारत होती.

त्यानंतर मला कुणी गप्प बसवलं नाही. वारा नसला तरी कोतवाल छपरावर जाऊन बसायचा. मी म्हणायचो, अरे आज बांबू हालून नाई राहिला, ये खाली. तो म्हणायचा, वरून बरं दिसते.

आता घरात रंगीत टीव्ही आहे, अँटेना नाही. नागपूरच्या एका पाहुण्यानं मोबाइलवर दाखवलं, न दिसणाऱ्या माणसांसाठी सिनेमात एक आवाज चित्र सांगतो. मी कान देऊन ऐकलं. तो म्हणाला, "एक माणूस दार उघडतो." बस, एवढंच! कोणता माणूस? पिऊन आहे का? दार कोणीकडचं? सोय चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या घरी तो आवाज दोन मिनिटं टिकला नसता. तिनं प्रश्नांनीच मारला असता.

ती गेल्या उन्हाळ्यात गेली. तेरवीला कोतवाल आला, काठी टेकत. जेवायला बसला, पानात मासा नाही हे पाहून हसला आणि मग डोळे पुसायला लागला.

"काय झालं गा?" मी म्हटलं.

"वहिनीचा मागूर आठवला. एवढा मोठा मागूर मी त्याच्यानंतर खाल्ला नाई."

"कोणता मागूर?"

"थो बांबू सोडला होता ना मी? तुले काय वाटलं, माह्यात एवढी अक्कल होती? वहिनी त्याच आठवड्यात एका पहाटे माह्या घरी आली होती, भिंतीले हात लावत लावत. पदरात मागूर. मले म्हणे, चित्र आलं का सोडून देजो, आन म्हणजो, सांगन त धरतो. म्हणे, माह्या माणसाले सांगू नोको, त्याच्या पोटात काई राहत नाई, सगळ्या तलावाले सांगते."

पंगत वाढणारे थांबले होते. मी इतका वेळ हसलो की पोरं घाबरली, बुढ्याले काय झालं म्हणून पाणी घेऊन आली. मला पाणी नको होतं. मला त्या मांजराची आठवण आली. बिचारं दिवसभर दाराबाहेर ओरडत बसलं होतं, आणि ही आत जाळं शिवत म्हणत होती, लय शहाणं मांजर हाय.