याडीच्या ओढणीवरचे आरसे

वसईहून निघताना आमच्याकडे दोन मोठी खोकी होती. एकात मरियामातेची पांढरीशुभ्र फायबरची मूर्ती, दुसऱ्यात दैवी दयेच्या येशूची तसबीर. दोन्हींवर देणगीदारांची नावं एवढी ठळक की आत कोण आहे ते बारीक अक्षरांत शोधावं लागे. खरं तर मी जाणारच नव्हते. नणंदेचा पाय मुरगळला आणि तिचं तिकीट वाया जाऊ नये म्हणून मला गाडीत बसवलं. आमच्या मरियाभक्त मंडळाचे प्रमुख इनासदादा स्टेशनवरच म्हणाले, "बाय, तिकडे ऊन फार असतं. डोकं झाकून घे आणि प्रश्न कमी विचार." मला ते चांगले ओळखून आहेत.

आम्हाला जायचं होतं वाशिम जिल्ह्यात, मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर (बंजाऱ्यांच्या वस्तीवर). तिथली काही घरं ख्रिस्ती आहेत. पत्र्याचं छोटं चॅपल आहे आणि महिन्यातून एकदा फादर येतात. ईस्टरनंतरचा रविवार आमच्यात दैवी दयेचा रविवार मानतात. त्या दिवशी दुपारी तीनला सगळ्या जगासाठी देवाची दया मागायची. त्याच मुहूर्तावर तांड्याला नवी मूर्ती द्यायचा मंडळाचा बेत होता. तांड्याला ती हवी आहे का, हे कुणी विचारलेलं नव्हतं.

अकोल्याला उतरून जीप केली. पातूरचा घाट ओलांडला आणि वाशिमकडचं मालेगाव येईतो तसबिरीची काच तडकली. मालेगावात काच बसवून देणारं एक दुकान सापडलं. तेवढ्यात आम्ही आलूबोंडा खाऊन घेतला. वरून अशी तर्री (झणझणीत रस्सा) ओतली होती की इनासदादांच्या डोळ्यांना धारा लागल्या. दुकानदार चाचा काच पुसता पुसता तसबिरीकडे बघत होते. येशूच्या छातीतून निघालेले लाल आणि पांढरे किरण बघून म्हणाले, "साहेब, हे किरणं कायचे होय?"

इनासदादांना कुणी विचारलेलंच हवं असतं. त्यांनी उभ्याउभ्या अर्धं प्रवचन दिलं. हे किरण म्हणजे देवाची दया, ती कुणालाही नाकारली जात नाही, कितीही मोठा पापी असला तरी.

"म्हंजे कोनालेच हाकलून देत नाई?" चाचांनी विचारलं. "मंग बेस हाय. संभाळून न्या."

पुढचा रस्ता उघड्याबोडक्या माळांतून जातो. शेतं रिकामी, काळ्या मातीला भेगा, बांधांवर पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळक्या झाडांचे) ढीग. तांड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. निम्म्या घरांना कुलपं होती. दिवाळीनंतर माणसं ऊस तोडायला पश्चिमेकडे जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशोब असतो. बऱ्याच गाड्या परतल्या होत्या, काहींची वाट बघणं चालू होतं.

चॅपलची किल्ली चांदीबाईकडे असते. साठीची, हातभर बांगड्यांची, बोलायला रोखठोक. तिने आम्हाला ज्वारीची भाकर, झुणका आणि कांदा वाढला आणि मी पाणी मागेमागेपर्यंत ठेचाही वाढला. इतर मंडळी खाटांवर आडवी झाल्यावर ती मला चॅपल दाखवायला घेऊन गेली.

आत टेबलावर मरियामातेची जुनी प्लास्टरची मूर्ती होती. नाकाचा टवका गेलेला. पण अंगात बंजारा घागरा, डोक्यावर लाल ओढणी आणि ओढणीवर आरसे. मी आयुष्यभर निळ्या झग्यातली मरिया बघितलेली. ही मरिया आत्ताच पाण्याचा हंडा उतरवून उभी आहे असं वाटलं.

"आमी याडी म्हनतो इले," चांदीबाई म्हणाली. याडी म्हणजे आई. "पोरगी उसाले जाते तवा आपल्या ओढनीचा एक आरसा काढून याडीच्या ओढनीले शिवते. वापस आली का सोडून नेते. जवरोक आरसा इथं हाय, तवरोक पोरगी याडीच्या नजरेत हाय."

"मग हे आरसे?"

"ज्या अजून आल्या नाई त्याईचे." एका आरशावर तिने बोट ठेवलं. "हा माह्या हिराचा. आठवा मयना चालू हाय तिले. तशीच मोळ्या उचलून राह्यली."

आमच्याकडे मोठमोठी मंदिरं आहेत, नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) आहेत, लाउडस्पीकर आहेत. इतकी सरळ प्रार्थना मी कुठे बघितली नव्हती. तिथेच गुडघे टेकले आणि हिरासाठी एक नमो मरिया म्हटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हापशावर तोंड धूत होते, तेव्हा चॅपलमागून धूर येताना दिसला. वाटलं, कुणी चहा ठेवला असेल. जाऊन बघते तर इनासदादा हातात जपमाळ घेऊन उभे आणि समोर लाल कापड जळतंय. घागरा संपला होता. ओढणीचं टोक तेवढं शिल्लक होतं आणि ते मी काठीने ओढेपर्यंत गेलंच.

"काय केलंत हे?"

"नियमानंच केलं," ते शांतपणे म्हणाले. "आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकायची नसते. जाळायची आणि राख मातीत पुरायची. वर प्रार्थनाही म्हटली."

"पण जाळायची कशाला?"

"अगं, मरियामातेला असल्या कपड्यांत ठेवायचं? फोटो निघणार आहेत आज."

हे असं आहे. माणूस दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. इनासदादा दर शुक्रवारी उपास करतात, आजाऱ्यांच्या घरी जातात. आणि त्याच भक्तीने त्यांनी एका आईचा जीव टांगणीला लावला, नियम पाळून, प्रार्थना म्हणून! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चांदीबाई आली. नवी मूर्ती जुनीच्या शेजारी ठेवतील, या समजुतीने तिनेच किल्ली दिली होती. दाराआड कपडे उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी मूर्ती तिने पाहिली, मग राख पाहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "माह्या हिराचा आरसा कुठी हाय?"

तिने कमरेचा मोबाईल काढून हिराला लावला. बंद. जावयाला लावला. तोही बंद. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली.

दुपारी फादर आले. त्यांच्याकडे मी मोठ्या आशेने गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "चूक झाली खरी. पण इनासभाऊंचा हेतू चांगला होता. आज दयेचा दिवस आहे, वाद नको." म्हणजे दया इनासदादांना. चांदीबाईने काय घ्यायचं, ते कुणी सांगितलं नाही.

तीनची प्रार्थना सुरू झाली. आतून येत होतं, "आमच्यावर आणि सगळ्या जगावर दया कर." सगळ्या जगावर! आणि त्या जगातली एक बाई भिंतीपलीकडे भर उन्हात राखेत बसली होती. मी आत गेलेच नाही. तिच्याशेजारी बसकण मारली आणि आम्ही दोघींनी राख चाळायला घेतली. आरसे सापडले. काळे पडलेले, काही तडकलेले.

"यातला हिराचा कोनता, कसं वळखू?" चांदीबाई म्हणाली. आणि मग स्वतःच, "समदेच लावते."

डोक्यावरची ओढणी काढून तिने मांडीवर घेतली. एकीकडे ती शिवत होती आणि एकीकडे मी सुया ओवून देत होते. झाल्यावर तिने जुनी मूर्ती कडेवर घेतली, भर प्रार्थनेत आत गेली आणि नव्या मूर्तीच्या पुढ्यात ठेवली. ओढणी नीट केली. इनासदादा उठले. मी दारातच उभी होते.

"हात लावून बघा," म्हटलं. "आज हिला बाहेर काढाल तर गाठ माझ्याशी आहे."

ते बसले. आरसे काळे होते, चमकले नाहीत. पण तांड्यावरच्या बाया एकेक करून उठल्या आणि पुढे येऊन त्या ओढणीला हात लावून गेल्या.

परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मीही खिडकीकडे तोंड करून बसले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) इनासदादांनी अहवाल वाचला. मूर्तीची स्थापना, तांड्याचा आनंद, देणगीदारांचे आभार. टाळ्या पडल्या. ओढणीबद्दल एक अक्षर नाही. मी उठून सगळं सांगायला लागले, तर गायकवृंदाने शेवटचं गीत सुरू केलं. आमच्या चर्चमध्ये माणसाला गप्प करायची हीच रीत आहे.

काही दिवसांनी चांदीबाईचा फोन आला.

"ताई, हिरा आली. तिकडंच बाळंतीन झाली, पोरगी हाय. दोघी बेस हायेत."

"आणि बाकीच्या?"

"समद्या आल्या. आरसे काढले. एक ठेवला."

"कुणाचा? सगळ्या आल्या ना?"

"तुमच्या त्या इनासदादाचा. माह्या दुसऱ्या ओढनीचा काढून शिवला मी. तो मानूस लय दूर गेला हाय, ताई. अजून घरी नाई आला."

मी असते तर शिवला नसता, हे इथे साफ सांगते. मला दया एवढी स्वस्तात सुचत नाही, आणि माझा राग अजून गेलेला नाही. पण ही गोष्ट पोटात ठेवणंही जमेना. तशीच चपला पायात सरकवून इनासदादांच्या घरी गेले आणि दारात उभी राहून चांदीबाईचा शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, आता काहीतरी हलेल.

"म्हणजे," इनासदादा म्हणाले, "ती ओढणी अजून मूर्तीच्या अंगावरच आहे की काय?"

घरी येऊन मी चांदीबाईला फोन लावला आणि सांगितलं, तो आरसा इतक्यात काढू नकोस.