पाटकऱ्याच्या घरचं शनिवारचं लग्न

आमच्या ब्लाऊकॉप गावात घड्याळ बंद पडलं तर लोक ते सायसकाकांच्या खोकल्यावर लावतात. योसायस लोस्पर, वय साठ, गावचे पाटकरी. गरीप नदीतून निघालेला पाट गावाच्या डोक्यावरून येतो आणि त्याचं पाणी कुणाच्या बागेत किती मिनिटं जायचं ते काका बघतात. पाटाचं मोठं दार उचलण्याआधी ते तीनदा खोकतात. पहिला खोकला घशासाठी, दुसरा आम्ही सावध व्हावं म्हणून, आणि तिसरा बहुतेक पाण्यासाठी. मला तिन्ही हुबेहूब जमतात. एकदा मी कुंपणाआडून सहज खोकले, तर बासनांची आजी डोक्याला साबण तसाच ठेवून फावडं घेऊन बाहेर आली.

फावडं घेऊन, कारण नियमच तसा आहे. आपली पाळी आली की घरातल्या कुणीतरी बागेच्या दाराशी, म्हणजे पाटातून बागेत पाणी घेणाऱ्या फळीशी, फावडं घेऊन उभं राहायचं. कुणी नसलं तर पाणी पुढच्या घराला. मग आठ दिवस बागेकडे बघायचं नाही, कारण बघवत नाही. काकांपुढे रडून उपयोग नसतो. टिटसांच्या कात्रीनला ऐन पाळीला कळा सुरू झाल्या, तेव्हा काका एवढंच म्हणाले, "बाळ येऊ दे सावकाश. फावडं कोण धरतंय?"

तरुणपणी काका बेदाण्याच्या खळ्यावर द्राक्षं उलटायचे. एकोणतिसाव्या वर्षी पाटाच्या कुलपाची किल्ली त्यांच्या हाती आली. ती बुटाच्या नाडीत ओवून त्यांनी गळ्यात घातली, ती एकतीस वर्षं तिथंच होती. लेनाकाकू म्हणतात, "यांनी कूस बदलली की माझ्या कानाला टोचते. पण काढून ठेवा म्हटलं तर म्हणतात, कान त्या बाजूला ठेव." एकतीस वर्षांत दार एकदाही उशिरा उघडलं नव्हतं आणि एकदाही दुसऱ्या कुणी उघडलं नव्हतं. याचा काकांना केवढा अभिमान आहे हे त्यांनी कधी सांगितलेलं नाही. पण कुणी दुसऱ्याने सांगितलं की त्यांची मान जरा लांब होते.

आणि त्यांच्या लेकीचं, मेरलीनचं लग्न नेमकं शनिवारी दुपारी तीनला ठरलं.

आमच्या खालच्या आळीत शनिवारी दुपारी कुणी लग्न करत नाही. खालच्या आळीची पाळी शनिवारी चारला सुरू होते. पण नवरामुलगा क्लाइड पडला केपटाऊनचा. त्याने वऱ्हाडाची बस सांगितली, पाद्री सांगितला, पत्रिका छापल्या, आणि मग सासऱ्याला फोन केला. काकांनी वार आणि वेळ पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडे पाणी नळातून येतं, नाही का?"

"हो काका, का?"

"काही नाही. सुखी राहा."

घरात मात्र जुंपली. आमचं स्वयंपाकघर त्यांच्या खिडकीला लागून आहे, त्यामुळे मला कान द्यावा लागला नाही.

"अदलाबदल करून घ्या की," काकू म्हणाल्या. "वरच्या आळीला चार वाजता द्या, आपल्याला सकाळी."

"अदलाबदलीला पाटकऱ्याकडे लेखी अर्ज लागतो."

"मग तुम्ही तुम्हालाच अर्ज करा."

"करीन. पण मंजूर होणार नाही."

"का?"

"घरगुती कारण चालत नाही. मीच ठरवलंय."

"मग मुलीला चर्चमध्ये कोण घेऊन जाणार? तो खोकला?"

यावर काका खोकले. एकदाच. तो खोकला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

म्हणजे पेच असा: चार वाजता काका चर्चमध्ये असणार, आणि चार वाजता दार उघडायलाच हवं. किल्ली कुणाला तरी द्यावी लागणार. बरं, द्यायची कुणाला? सगळी आळी लग्नाला, आणि घरटी मागे राहणारं एकेक जण आपापल्या दाराशी फावडं धरणार. ज्याला लग्नाला यायचंच नव्हतं असा माणूस एकच, अपूल्स कूपमन, काकांच्या पलीकडच्या घरातला.

अकरा वर्षांपूर्वी काकांनी अपूल्सला पाणी चोरताना पकडलं होतं. दाराखाली पोतं घालून तो पहाटे बारीक धार चालू ठेवायचा. काकांनी त्याची महिनाभर पाळी बंद केली. त्यात त्याची पीचची तीन झाडं गेली. तेव्हापासून तो काकांशी बोलत नाही. रस्त्यात दिसले तर टोपी काढून "सरकार" म्हणतो आणि थुंकतो.

शुक्रवारी काका त्याच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

"सरकार आज आमच्या दारी," अपूल्स म्हणाला. "काय वाळलं?"

"उद्या चारला दार उघडशील का?"

अपूल्सने हातातला कांदा खाली ठेवला. "मी? चोर?"

"पाणी कुठून निसटतं ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

"हे कौतुक म्हणायचं की शिवी?"

"दोन्ही धर. पण नियम माझे."

"सगळ्यांना सारखे?"

"सगळ्यांना सारखे."

काकांनी नाडी डोक्यातून काढली. ती कानाला अडकली, टोपीला अडकली. एकतीस वर्षांत बाहेर यायचा रस्ता तीही विसरली असावी. किल्ली गेल्यावर छातीवर तिच्या आकाराचा पांढरा डाग उरला.

शनिवारी तीनला चर्च भरलं. मेरलीन सुंदर दिसत होती, क्लाइड घामाने भिजला होता. पाद्रीसाहेबांनी प्रेमावर बोलायला सुरुवात केली आणि ते थांबेनात. त्यांचं बोलणं असं: एक वाक्य, मग डोळे मिटायचे, मग तेच वाक्य हळू. "प्रेम धीर धरतं." डोळे बंद. "धीर... धरतं." पुढच्या बाकावर काका कोटाच्या आत बोटाने किल्ली शोधत होते. चारला पाच मिनिटं कमी होती तेव्हा खालची आळी चुळबुळ करायला लागली. जिकडे तिकडे मनगटं वर येत होती. काका तेवढे दगडासारखे बसलेले, पण मानेवर घामाचा पाट चाललेला.

आणि बरोबर चारला चर्चच्या मागून पाणी गेलं. आधी वाळलेली पानं सरकल्याचा आवाज, मग खळखळ. सगळ्या चर्चने एकदम श्वास सोडला. काकांनी डोळे मिटले. पाद्रीसाहेबांना वाटलं त्यांचं वाक्य लोकांच्या काळजाला भिडलं, म्हणून त्यांनी ते तिसऱ्यांदा म्हटलं.

संध्याकाळी हॉलमध्ये तीन पायांच्या हंड्यांतलं मटण वाढलं जात होतं, तेव्हा अपूल्स दारात आला. अंगावर धुतलेला शर्ट, हातात किल्ली. काका पानावरून उठले.

"चारला?"

"चारला."

"कुणाची तक्रार?"

"नाही. बासनांची आजी खुर्ची टाकून बसली होती, फावडं मांडीवर. टिटसांचा भाचा होता. सगळ्या दारांत कुणी ना कुणी होतं." अपूल्सने टोपी काढली. "तुमच्या दारात तेवढं कुणी नव्हतं."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी काकांकडे.

"मला वाटलं तू तुझ्या बहिणीला सांगितलंस," काका म्हणाले.

"मला वाटलं पाटकरी तुम्ही आहात," काकू म्हणाल्या. मग अपूल्सकडे वळल्या. "भाऊ, किल्ली तुमच्याकडे होती, फळी उचलायला काय लागतं? माझ्या शेंगा फुलावर आल्यात."

"फावडं घेऊन कुणी नव्हतं, वहिनी."

"मुलीचं लग्न होतं आमच्या!"

"कात्रीनला तर मूल होत होतं," अपूल्स म्हणाला.

काकांनी हळूच विचारलं, "मग पाणी कुणाला सोडलंस?"

"पुढच्या घराला."

"पुढचं घर तुझं."

"हो. आता त्याला मी काय करू?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. काका हसले नाहीत. "तू तर मोठ्या दाराशी होतास. तुझ्या दारी फावडं कुणी धरलं?"

"मीच. दार उचललं, कुलूप घातलं आणि पाण्याच्या बाजूनं चालत आलो. तुमच्या दारात पोचलो चार चोवीसला. हाका मारल्या तीन. कुत्रं तेवढं आलं."

काकांचे ओठ हलत होते. मोठ्या दारापासूनची पावलं, घरागणिक बारा मिनिटं, सगळं त्यांनी मनात चालून पाहिलं. अख्खी आळी वाट बघत होती. एक शब्द बोलले असते तर अपूल्स पुन्हा चोर ठरला असता आणि काकूंच्या शेंगांना निदान रात्री भरपाईचं पाणी मिळालं असतं.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "मीही हेच केलं असतं. बस, जेवून जा."

अपूल्स बसला. त्याला पान काकूंनीच वाढलं, पण रस्सा वाढला नाही, नुसती हाडं वाढली. अपूल्सने ती शांतपणे चोखली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा काकांना नावाने हाक मारली. "सायस, मीठ सरकव."

रविवारपासून ऊन अडतीसच्या खाली आलं नाही. काकूंनी भांडण काढलं नाही, फक्त धुण्याच्या पाण्याच्या दोन बादल्या मागच्या दारात ठेवल्या. गावाचं पाणी वाटणारा माणूस दिवस मावळताना शेंगांच्या वाफ्यात बादल्या घेऊन ये-जा करायला लागला, आणि खालची आळी कुंपणाला टेकून बघायला लागली.

"सरकार, तुमची पाळी किती मिनिटांची?" बासनांची आजी विचारायची.

"डावीकडची ओळ राहिली," अपूल्स पलीकडून सांगायचा. त्याचा वाफा हिरवागार होता.

काका डावीकडच्या ओळीकडे वळायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू बटाटे सोलत मोजत होत्या.

"ही सातवी," त्या म्हणाल्या. "आणि जरा सरळ चाला. अर्धं पाणी बुटात चाललंय."