डाव्या कोपऱ्यातली खडखड

जिनाप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तासगाव रोडला एका मंडपाचं माप घेत होतो. बायको म्हणाली, "अहो, माधवनगरचे जिनाप्पा मिस्त्री गेले. आज पहाटे." आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "तुला कुणी सांगितलं? नक्की ना?" तिनं फोन ठेवला. शाळेत एका बाकावर बसलेला दोस्त, ज्याच्याशी मी तीन वर्षं बोललो नव्हतो, तो मेल्याच्या बातमीतसुद्धा मी काळंबेरं शोधत होतो. असा मी. गेलेल्या माणसावर लिहायचं तर त्याचे गुण सांगायची रीत आहे. ते सांगणारच आहे, पण त्याआधी माझे अवगुण सांगितल्याशिवाय त्याचे गुण कळायचे नाहीत.

माझा सांगलीत मंडप-डेकोरेशनचा धंदा. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, एका टेम्पोवर सुरू केला, मी वाढवला. या धंद्यात दिलेली खुर्ची परत येताना तीच आहे का, हे बघावं लागतं. त्यानं संशय अंगात मुरला, की आधीच होता, देव जाणे. बायको म्हणते, "देवळात गेलात तरी तुमचं देवाकडं लक्ष कमी, बाहेरच्या चपलांकडं जास्त." तर चार-पाच वर्षांपूर्वी मी पुण्याहून एक जुनी परदेशी गाडी आणली, उघड्या टपाची. बटण दाबलं की कापडी टप उचलायचा, घडी व्हायचा आणि मागं डिकीत जाऊन बसायचा. वरातीत नवरदेवाला मिरवायला. पहिलं वर्ष गाडी अशी चालली की विचारू नका, आणि मग एका दिवाळीनंतर अचानक टप वाजायला लागला. समोरच्या काचेच्या वरच्या अंगाला, डावीकडं, रस्त्यावर जरा खड्डा आला की खडखड... खडखड.

गाडी अर्थातच जिनाप्पाकडं. माधवनगरला त्याचं पत्र्याचं गॅरेज. असली गाडी त्यानं उभ्या जन्मात उघडली नव्हती, पण तो आधी काही उघडायचाच नाही. मला चालवायला लावायचा, स्वतः शेजारी डोळे मिटून बसायचा आणि हात टपाला लावून म्हणायचा, "आता गतिरोधकावर घाल... आता वळणावर... गप, बोलू नगंस." मग गॅरेजात आल्यावर बायकोकडून वाटीभर हळद मागवायचा. काचेच्या चौकटीवरच्या रबराला बोटानं हळद फासायची, टप बंद करायचा, परत उघडायचा आणि टपाच्या कडेला हळद कुठं उमटली ते बघायचं. उजवीकडं पिवळी धमक रेघ. डावीकडं वीतभर जागा कोरडी. "हितं टेकतच न्हाई गड्या. टेकत न्हाई म्हणून आकडा नीट धरत न्हाई, आन् धरत न्हाई म्हणून वाजतंय." स्क्रू पाव आटा फिरवायचा, परत हळद. दुपार जायची. शेवटी रेघ सलग उमटली की पोरासारखा हसायचा. गाडी घरी न्यावी तर आवाज बंद, आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा खडखड.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस हळदीनं केसाएवढी फट शोधतो, त्याला एक खडखड कायमची घालवता येत नाही? कुठंतरी पाणी मुरतंय. मग मी एक उद्योग केला, जो आज सांगायलाही लाज वाटते. बायकोची नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली घेतली आणि गॅरेजला गाडी देण्याआधी टपाच्या सगळ्या बोल्टांवर बारीक ठिपके दिले. म्हणजे यानं कुठला बोल्ट काढला, कुठला बदलला, कुठला मुद्दाम ढिला केला, सगळं कळणार. गाडी आणायला गेलो तर जिनाप्पा हात पुसत म्हणाला, "वैनींचा रंग झ्याक हाय. पर इलास, ठिपका एकट्या बोल्टावर दिऊन भागत न्हाई. बोल्ट आन् पत्रा दोन्हीवर मिळून रेघ मारायची, मग तो फिरला का कळतंय. मी मारून ठेवल्यात." खरंच प्रत्येक बोल्टावर सरळ रेघ होती. दुसरा कुणी असता तर पाना फेकून मारला असता. मला मात्र वाटलं, एवढा शांत राहतो म्हणजे नक्कीच चोर आहे!

मग रहिमतपूरची वरात. नवरदेव गाडीत, पुढं बँड, ऊन मरणाचं. मुलाचा मामा म्हणाला, मंडपापर्यंत जरा टप लावा. मी बटण दाबलं. टप निम्म्यात आला आणि आडवा अडकला, ना वर ना खाली, उजवी बाजू पुढं नि डावी मागं. नवरदेव त्याखाली मान वाकडी करून बसलेला आणि सगळं रहिमतपूर मोबाइल काढून उभं. पोराला शेवटी उतरून चालत जावं लागलं. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं बया, छत्री मोडली जणू!" मी हातानं टप कसाबसा मागं लोटला आणि तिथून थेट माधवनगर गाठलं. गॅरेजात तेव्हा चार गिऱ्हाईकं बसली होती. त्यांच्यादेखत मी ओरडलो, "तू मुद्दाम ढिलं ठेवतोस. गाडी परत परत तुझ्या दारात यावी म्हणून. दोस्ती दाखवून गळा कापतोस!" जिनाप्पा एवढंच म्हणाला, "तसं वाटत आसंल तर दुसऱ्याला दाखव बाबा." मी निघालो तर मागून विचारतो, "आप्पा बरं हायत न्हवं?" मला त्या प्रश्नाचाही राग आला. म्हटलं, विषय बदलतोय, चोराच्या मनात चांदणं.

त्यानंतर मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण नाही. सांगली-साताऱ्याकडं मंडपवाले, बँडवाले, जीपवाले, सगळे माझ्या ओळखीचे. जो भेटेल त्याला सांगितलं, जिनाप्पाकडं गाडी देऊ नका, काम अर्धं ठेवतो. लोकांनी ऐकलं. माझंच ऐकलं, कारण शाळेपासूनचा दोस्त सांगतोय म्हणजे खरंच असणार. त्याच्या दारातल्या गाड्या हळूहळू कमी झाल्या. येता-जाता दिसायचं मला, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं. माझ्या गाडीचा टप मी त्यानंतर कधी लावलाच नाही, वर ताडपत्री टाकून ठेवायचो.

मयताला गेलो, पण मागं उभा राहिलो. वाटत होतं, सगळे माझ्याकडंच बघतायत. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी गाडी विकायची ठरवली आणि टप दुरुस्त करायला कोल्हापूरहून एक कारागीर बोलावला. त्यानं आतलं अस्तर सोडवलं, बॅटरी मारून बघितलं आणि मला हाक मारली. "मालक, ह्यो डावा दांडा वाकलाय. जुना मार हाय, जोरात आदळलंय कशावर तरी. आन् कुणीतरी आतनं पोलादी पट्टी ठोकून त्याला धरून ठिवलंय. लय नामी काम हाय. न्हाईतर टप कवाच तुटून पडला असता. पर दांडा बदलल्याबिगर खडखड कायमची जायाची न्हाई."

झालं! मला पुरावाच सापडला. दांडा वाकलेला, मला कधी सांगितलं नाही, वरून पट्टी लपवली, म्हणजे यानंच काम करताना आदळला असणार. दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी अक्षरशः खुशीत होतो. बायकोला, आप्पांना ऐकवलं, "बघा, मी म्हणत होतो का नाही? यानंच मोडली आणि यानंच झाकली. मेला बिचारा, पण खोटं ते खोटंच."

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. ऐंशीच्या घरातला माणूस, कधी आवाज चढवत नाही. म्हणाले, "त्यानं न्हाई मोडली. मी मोडली."

त्या दिवाळीच्या आधी आप्पांच्या डोळ्यांचा त्रास वाढला होता आणि मी त्यांचं गाडी चालवणं बंद करून सगळ्या किल्ल्या माझ्या कपाटात टाकल्या होत्या. ज्या माणसानं चाळीस वर्षं टेम्पो चालवला त्याच्या हातातून. मी साताऱ्याला गेलो असताना त्यांनी ती किल्ली शोधली, टप उघडला आणि माधवनगरपर्यंत एक चक्कर मारून आले. मी यायच्या आत टप लावून ठेवायचा म्हणून गोडाऊनमध्येच बटण दाबलं. वर माळ्याचा लोखंडी अँगल. टप त्याला अडला, आप्पांना नीट दिसलं नाही, त्यांनी बटण दाबूनच धरलं... घाबरून जिनाप्पाला फोन केला. तो सायकलवर आला, जमेल तेवढं सरळ केलं. आप्पांनी त्याचे हात धरले, म्हणाले, इलासला सांगू नगंस. तो म्हणाला, "न्हाई सांगत. पर तुमी परत गाडी काढायची न्हाई, वचन द्या." दोघांनीही वचन पाळलं.

मी भडकलो. "अरे, मग निदान दांडा वाकलाय एवढं तरी सांगायचं! कुणी वाकवला ते नसतं सांगितलं!"

"व्हय? वाकलाय म्हणला आसता, तर तू घर उलटंपालटं करून कुणी वाकवला ते काढलंच आसतंस. तुझा स्वभाव त्याला ठावं हुता. तू त्याला चोर म्हणलास, त्या दिवशी मी सांगायला निघालो हुतो. त्यानंच आडवलं. म्हणला, आता सांगितलं तर इलासला त्वांड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई, थोडं निवू द्या." आप्पांनी ताट बाजूला सारलं, म्हणाले, "मी बी निवू दिलं. माझीच चूक हाय. मला बरंच हुतं ते."

तरीही... आता हसा मला, पण तरीही माझ्या मनात आलं, मेलेल्याला वाचवायला आप्पा खोटं बोलत असतील तर? खरकट्या हातानं उठलो, गोडाऊनमध्ये गेलो, शिडी लावून वर चढलो. अँगलच्या धारेवर टपाचा काळा धागा चिकटलेला होता आणि खाली गंज खरवडून गेलेली बोटभर जागा होती. मी शिडीवरच बसून राहिलो. रडलो. आयुष्यभर ज्याच्या त्याच्यावर नजर ठेवली, आणि माझ्याच डोक्यावरचा अँगल मी कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आप्पांना घेऊन जिनाप्पाच्या घरी गेलो. त्याची बायको, सुमनवहिनी, दारातच होत्या. "आवं आप्पा, आलासा? चार दिस झालं, दिसला न्हाईसा." मला काही कळेना. मग समजलं, आमच्या भांडणापासून आप्पा रोज चारला देवळात म्हणून निघायचे ते रिक्षानं इथं यायचे. वहिनींनी गॅरेजचं शटर वर केलं. आत बोनेट नसलेली एक जुनी जीप ठोकळ्यांवर उभी होती, चाकं काढलेली. जिनाप्पा आप्पांना तिच्यात स्टिअरिंगला बसवायचा आणि स्वतः शेजारी काम करत गप्पा मारायचा. सीटवर घडी घातलेलं पोतं होतं, आप्पांची कंबर दुखू नये म्हणून. आप्पा कुणाला न विचारता जाऊन बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या पत्र्याकडं बघत राहिले. शेजारी कुणी नव्हतं.

मी वहिनींसमोर हात जोडले. जे काय बोलायचं ते पाठ करून आलो होतो, त्यातलं निम्मं बोलून झालं असेल तेवढ्यात त्यांनी थांबवलं. रागानं नाही, पण मऊपणानंही नाही.

"मला नगा सांगू भावजी. मला ठावंच हुतं. जितं बोललासा तितं सांगा."

म्हणून हे लिहिलं. त्या गॅरेजात तेव्हा बसलेले चौघं कोण होते, मला आठवत नाही. पुढं किती जणांना सांगितलं, तेही आठवत नाही. त्यांच्यापैकी कुणी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचत असेल, तर त्यानं एवढं ऐकावं आणि ज्याला पुढं सांगितलं असेल त्यालाही सांगावं. जिनाप्पानं माझं काम कधीच अर्धं ठेवलं नाही. अर्धं मी सांगितलं. तो माणूस खरा होता, आणि खोटं मी बोललो.